ओठावर बारा मिनिटं

तिने तोंडावरची ओढणी काढली तेव्हा आधी दिसली ती हळद. वरच्या ओठावर, हनुवटीवर आणि दोन्ही कानांपुढच्या कल्ल्यांवर हळद-तुपाचा जाड थर वाळून भेगाळला होता आणि भेगांमधून काहीतरी ओलं चमकत होतं. लग्न आठ दिवसांवर आलेलं. सोबत आई, आत्या आणि गाडी चालवत आलेला बारावी सायन्सचा मावसभाऊ. तो दाराशीच घुटमळत होता. "मॅडम, काहीही करा, पण पुढच्या गुरुवारी हळद आहे, तोवर तोंड नीट झालं पाहिजे," आत्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. आई काही बोलत नव्हती.

हे प्रकरण तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय. केस काढायच्या क्रीमने पोळलेले रुग्ण वर्षभर येत असतात. बहुतेकांना थोडी लाली, थोडी आग, आणि तीन-चार दिवसांत सगळं निवळतं. त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. हिच्या चेहऱ्यावर मात्र पाठोपाठ तीन निरनिराळ्या गोष्टी घडल्या. त्यातल्या एकीचाच इशारा ट्यूबवर छापलेला होता.

बुधवारची रात्र

मुलगी २४ वर्षांची, नोकरीनिमित्त पुण्यात, मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहणारी. गाव खटाव तालुक्यातलं, माझ्या साताऱ्याच्या दवाखान्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. रजा टाकून ती बुधवारी घरी पोचली. पार्लरवाली शुक्रवारी येणार होती. पण गुरुवारी सकाळी सासरची मंडळी साड्या दाखवायला येणार असा निरोप आला आणि रात्री जेवणं उरकल्यावर तिने बॅगेतली ट्यूब काढली. ती पायांसाठीची होती. "पायाला दोन वर्षं वापरतेय मॅडम, कधी काही झालं नाही," हे तिने मला तीनदा सांगितलं, आणि ते खरंच होतं.

क्रीम लावून होते न होते तोच होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. ती बोलत गच्चीवर गेली. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ओठावर चुणचुणायला लागलं. "म्हटलं, चुणचुणतंय म्हणजे काम चाललंय." क्रीम किती वेळ ठेवली असं विचारल्यावर सगळे जण "लिहिलंय तेवढाच वेळ" असं सांगतात. हिने फोन काढून कॉलची नोंदच पुढे धरली: १२ मिनिटं २० सेकंद. इतका नेमका इतिहास मला क्वचितच मिळतो. ट्यूबवर जास्तीत जास्त १० मिनिटं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात, चेहऱ्यावर वापरू नये.

पुढचं सगळं घरातल्यांनी मिळून केलं. मे महिना, नळाला दिवसाआड पाणी, गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापलेली. तिने एका तांब्यात तोंड धुतलं, चिकट राहिलं म्हणून फेसवॉश लावून टॉवेलने खसाखसा पुसलं. टॉवेलबरोबर केस गेले आणि वरची कातडीही गेली. आग आग व्हायला लागल्यावर मावसभावाने तोडगा काढला: क्रीम अल्कली असते, ॲसिड लावलं की न्यूट्रल होईल. अर्धं लिंबू पिळलं. तिच्या किंचाळण्याने शेजारच्या घरातले दिवे लागले. मग आत्यांनी सूत्रं हातात घेतली. आधी दुधाची साय, ती वितळून ओघळायला लागली तेव्हा हळद आणि तूप. रात्रभर झोप नाही. साड्या दाखवायचा कार्यक्रम "मुलीला ताप आलाय" असं सांगून पुढे ढकलला, आणि सकाळी साडेअकराला ही मंडळी माझ्यासमोर.

चुना जास्त झाला की

या क्रीम काय करतात ते थोडं खोलात सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. केस म्हणजे केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे पीळ, आणि हे पीळ एकमेकांना गंधकाच्या जोड्यांनी बांधलेले असतात. शिडीच्या दोन बांबूंना पायऱ्या जोडतात तसे. क्रीममधलं पोटॅशियम किंवा कॅल्शियम थायोग्लायकोलेट या पायऱ्या तोडतं. पण सुक्या केसात ते सहजासहजी शिरत नाही, म्हणून सोबत तीव्र अल्कली घालतात, बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला चुनाच. चुन्याने केस फुगतो, थायोग्लायकोलेट आत शिरतं आणि केसाचा लगदा होतो. सुगंध कितीही घातला तरी मागे दरवळतो तो गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास. दुसऱ्या दिवशीही तिच्या ओढणीला तो येत होता.

अशा क्रीमचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप, १२ ते १२.५ च्या आसपास असतो; आकडा जितका मोठा तितकी अल्कली तीव्र. युरोपीय संघाच्या नियमांत थायोग्लायकोलिक आम्लाला ५ टक्के आणि पीएचला १२.७ ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे ही काही एखाद्या कंपनीची लबाडी नाही, उत्पादनच मुळात असं आहे. आपल्या कातडीचा पीएच ५ च्या जवळपास. पीएचच्या पट्टीवर एक घर पुढे सरकलं की फरक दहापट होतो, त्यामुळे ५ आणि १२ मधलं अंतर एक कोटी पटीचं भरतं.

आता गोम अशी की कातडीचा सगळ्यात वरचा थरही केरॅटिनचाच. त्यात गंधकाच्या जोड्या केसाच्या मानाने बऱ्याच कमी, शिवाय वर तेलाचं अस्तर, म्हणून तो टिकून राहतो. केस आधी विरघळतो, कातडी नंतर. या दोहोंच्या मधली जी चार-सहा मिनिटं, त्यांवर सगळा धंदा उभा आहे.

आणि अल्कलीचं भाजणं फसवं असतं. आम्लाने प्रथिनं साकळतात, त्यांचा एक कडक पापुद्रा बनतो आणि बऱ्याचदा तोच आम्लाला पुढे जाऊ देत नाही. अल्कली चरबीचा साबण करते, प्रथिनं विरघळवते आणि स्वतःला वाट करून देत आत उतरत राहते. पानात चुना जास्त पडल्यावर जीभ कशी लगेच नाही, थोड्या वेळाने पोळते आणि मग दोन दिवस पोळतच राहते, ते आठवा.

केस काढायची ही युक्ती नवीनही नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात रोमशातनासाठी दोन भाग शंखचूर्ण आणि एक भाग हरताळ असा पाठ आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं संयुग. पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला लेखनिक त्याचाच पिवळा लेप देत, आणि "हरताळ फासणे" हा वाक्प्रचार तिथूनच आपल्या तोंडी आला. आर्सेनिक गेलं, थायोग्लायकोलेट आलं, गंधकाचा धागा तसाच राहिला. बाजारात अजूनही सुट्या पुडीतून केस काढायची पावडर मिळते, तिच्यात बऱ्याचदा बेरियम सल्फाइड असतं. ती पोटात गेली तर रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने उतरतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. घरात ती असेल तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. खरं तर ठेवूच नका.

हळदीखाली काय होतं

सलाइनमध्ये भिजवलेले गॉझचे तुकडे थरावर ठेवून, तो भिजला की अलगद उचलायचा, असं करत हळद काढायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. हळदीला माझा धार्मिक किंवा वैद्यकीय विरोध नाही. अडचण अशी की हळद लागलेल्या कातडीवर लाली वाचता येत नाही. आधीच गव्हाळ-सावळ्या वर्णावर लाली ओळखायला डोळा लागतो, त्यात पिवळा रंग चढला की सगळंच गढूळ होतं. शिवाय उघड्या जखमेवर स्वयंपाकघरातल्या डब्यातली पूड, म्हणजे तिच्याबरोबर डब्यातलं बाकी सगळंही.

खाली दिसलं ते असं. कल्ल्यांवर नुसती लाली आणि किंचित सूज. वरच्या ओठावर जवळजवळ चार सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद पट्टा सोललेला, ओला, लालभडक, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. क्रीमसोबत मिळणाऱ्या चमच्याचा फटकारा जिथे थांबला, तिथेच जखम थांबलेली. हनुवटीच्या डाव्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून लहान असा एक ठिपका, पण तो लाल नव्हता. राखाडी-पांढुरका होता.

मी काचपट्टी घेऊन आधी ओठावर दाबली. लाली गेली, पट्टी उचलताच झर्रकन परत आली. कापसाच्या टोकाने स्पर्श केला तर ती कळवळली. दोन्ही चांगली लक्षणं, भाजणं वरवरचं आहे. राखाडी ठिपक्यावर दाबल्यावर रंग फारसा बदलला नाही, आणि कापूस लागलेला तिला नीट कळला नाही. "इथे दुखत नाही मॅडम, इथे बरं आहे," ती म्हणाली. तिथेच बरं नव्हतं. भाजलेल्या जागी दुखत नसेल तर मी जास्त घाबरते. डोळे आणि ओठांची आतली बाजू ठीक होती.

इतक्या उशिरा पीएचचा कागद लावून काही हाती लागत नाही. ताज्या भाजण्यात मात्र त्याचा फार उपयोग होतो: जखम धुऊन झाल्यावर १०-१५ मिनिटं थांबायचं, पुन्हा कागद लावायचा, अजून अल्कली दाखवत असेल तर पुन्हा धुवायचं. आत मुरलेली अल्कली हळूहळू वर येत राहते, म्हणून हे थांबणं. घरी कागद नसतो, पण नळ असतो. चमच्याने किंवा सुक्या फडक्याने क्रीम आधी निपटून काढायची, मग गार वाहत्या पाण्याखाली निदान अर्धा तास, अजून चुणचुणत असेल तर तासभर, पाणी डोळ्यात उतरणार नाही अशी मान वळवून. साबण नको, घासणं नको, बर्फ नको. डोळ्यात गेली असेल तर बाकी सगळं सोडून आधी डोळा धुवायचा आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. नळ दिवसाआड येणाऱ्या घरात अर्धा तास पाणी सोडा हे सांगताना माझीच जीभ अडखळते. अशा वेळी बादलीतून तांब्या-तांब्याने सलग ओतत राहावं. एका तांब्यात हे भागत नाही.

लिंबाबद्दल मावसभावाला बोलावून घेतलं, कारण तो बिचारा दारातून हलत नव्हता. त्याचं रसायनशास्त्र चुकलं नव्हतं. परीक्षानळीत हे बरोबर आहे. पण आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता बाहेर पडते, हेही त्याच धड्यात आहे, आणि इथे परीक्षानळीच्या जागी बहिणीचा ओठ होता. वर लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि ऊन लागलं तर काळे डाग पडतात ते वेगळेच. तो म्हणाला, "सॉरी मॅडम." मी म्हटलं, मला नाही, तिला सांग.

ग्लोची क्रीम

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. दोन मिनिटं उशीर, पायाची क्रीम चेहऱ्यावर, घासलेला टॉवेल, हे सगळं धरूनही भाजणं जास्त खोल होतं. चुका अशा रोज होतात, राखाडी ठिपके रोज दिसत नाहीत. गोळ्या चालू आहेत का? नाही. मुरमांसाठी काही औषध? नाही. पूर्वी ओठावर तापाचे फोड? नाही. पाळी? नियमित. तिसऱ्यांदा प्रश्न फिरवून विचारला: रात्री झोपताना तोंडाला काय लावतेस?

"काही नाही. ग्लोची क्रीम."

खोलीवरच्या मैत्रिणीने तिच्या टेबलावरच्या ट्यूबचा फोटो पाठवला. रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, आणि मोमेटासोन, म्हणजे स्टिरॉइड, ०.१ टक्के. वांगाच्या डागांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे वापरायचं मिश्रण. ही अडीच महिने रोज रात्री सगळ्या चेहऱ्याला लावत होती. सुचवलं मैत्रिणीने, दिलं मेडिकलवाल्याने, चिठ्ठी न मागता. अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ साली सरकारने ती शेड्यूल एचमध्ये घातली. कागदावर.

आता सगळं जुळलं. ट्रेटिनॉइनने कातडीचा वरचा मृत थर पातळ होतो, स्टिरॉइडने खालचाही. क्रीमने केस आधी आणि कातडी नंतर विरघळावी, हा हिशेब धडधाकट कातडीचा. हिच्या ओठावर ती मधली मिनिटं उरलीच नव्हती. पायावर दोन वर्षं काही झालं नाही याचंही उत्तर त्यातच होतं, पायाला ती ग्लोची क्रीम लावत नव्हती. हातावर आधी थोडी लावून बघितली असती तरी काही कळलं नसतं, कारण हात वेगळा आणि हा चेहरा वेगळा.

भिंग लावून गाल पाहिले. तुकतुकीत, ताणलेले, आणि त्यावर लाल सुतासारख्या बारीक रक्तवाहिन्या. आणि लव. ओठावर, कल्ल्यांवर, हनुवटीवर दाट झालेली मऊ काळसर लव.

"हे केस कधीपासून वाढले?"

तिने आठवून सांगितलं, "दोन महिने झाले असतील. आधी एवढे नव्हते."

चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत राहिलं की केस वाढतात, ही त्याची ओळखीची खूण आहे. म्हणजे ज्या क्रीमने केस आणले तिनेच कातडी पातळ केली, मग ते केस काढायला दुसरी क्रीम आणली. आई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "आम्ही काळी म्हणत नव्हतो गं तुला कधी." मुलगी खाली बघत राहिली. मी काही बोलले नाही, तो त्यांच्या घरातला विषय होता.

नुसतं व्हॅसलिन

उपचार ऐकून आत्यांची निराशा लपली नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ मऊ फडकं दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं. टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. मग पेट्रोलियम जेलीचा जाड थर, सुकू लागला की पुन्हा. दुखलं तर पॅरासिटामॉल. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन शाळेत १६ व्या वर्षी झालेलं, म्हणून एक डोस तिथेच दिला. ग्लोची क्रीम, फेसवॉश, मेकअप बंद. ऊन टाळायचं. तीन दिवसांनी दाखवायचं.

"अहो मॅडम, भाजलंय तिला. ते पांढरं मलम नाही का देत, भाजल्यावरचं?" आत्यांना सिल्व्हर सल्फाडायझीन म्हणायचं होतं. त्याचा एक मऊ पापुद्रा जखमेवर बसतो आणि खाली जखम किती खोल आहे ते दिसेनासं होतं. वरवरच्या जखमा त्याने उशिरा भरतात. आणि चेहऱ्यावर चांदीचा डाग राहायची भीती. ओली ठेवलेली जखम लवकर भरते. खपली धरू देणं ही आपल्याकडची जुनी समजूत आहे, पण नवी कातडी ओल्यावरून सरकते, खपलीखालून तिला वाट काढावी लागते. मला वाटलं, पटलं.

माझ्यापुढे खरा पेच वेगळा होता. स्टिरॉइडची सवय लागलेल्या चेहऱ्याचं स्टिरॉइड एकदम तोडलं की काही दिवसांत लाली-पुरळाची लाट उसळते. हळूहळू सोडवायचं म्हटलं तर सोललेल्या कातडीवर ते लावता येत नाही. जखम आधी, लाट आली की बघू, असं ठरवलं. तिला मात्र स्पष्ट सांगून ठेवलं की चेहरा आधी बरा होईल, मग बिघडेल, मग पुन्हा बरा होईल.

रविवार

ठरल्याप्रमाणे रविवारी आली ती डोळे अर्धे मिटलेल्या अवस्थेत. पापण्या सुजलेल्या, गालांवर बारीक पाणीदार पुरळ, नाकापासून गळ्यापर्यंत लाली. ओठाची जखम मात्र भरत आलेली. आता ती "आग होतेय" म्हणत नव्हती, "खाज येतेय" म्हणत होती.

या एका शब्दाच्या फरकावर निदान ठरतं. क्षोभाने, म्हणजे रसायनाच्या थेट माऱ्याने जे होतं, ते लगेच होतं, त्यात आग असते, आणि जिथे लागलं तिथेच ते थांबतं. ॲलर्जी एक ते तीन दिवसांनी उमटते, खाजते, आणि लावलेल्या जागेच्या कडा ओलांडून पसरते. बुधवारची क्रीम रविवारी नव्याने पसरणार नव्हती. मध्ये काहीतरी लागलं होतं.

विचारलं तर सगळे आत्यांकडे बघायला लागले. त्यांनी पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवली, निम्मी पिळलेली, शेपूट गुंडाळलेलं. फ्रॅमायसेटिन. कापलं, खरचटलं, दाढी करताना लागलं, की घरोघरी लावतात ते जंतुनाशक मलम. शुक्रवारी रात्रीपासून दिवसातून तीनदा. "नुसत्या व्हॅसलिननं जखम चिघळेल असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. आवाज गुरुवारचा नव्हता.

फ्रॅमायसेटिन आणि निओमायसिन हे एकाच कुळातले, खरं तर फ्रॅमायसेटिन म्हणजे निओमायसिनचाच एक घटक. कातडीवर लावल्यावर ॲलर्जी आणणाऱ्या औषधांत या कुळाचा नंबर वरचा आहे. ही ॲलर्जी पहिल्या वेळी येत नाही. आधी कधीतरी शरीराची ओळख व्हावी लागते. मुलीला आठवलं, कॉलेजात असताना पायाचे केस रेझरने काढताना कापायचं, तेव्हा हेच मलम लावायची, आणि एकदा "जखम बरी व्हायच्या ऐवजी खाजली होती".

मलम बंद. थंड पट्ट्या, रात्री झोपेसाठी सेट्रिझिन, आणि प्रेडनिसोलोन, म्हणजे पोटातून घ्यायचं स्टिरॉइड, ३० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर, पाच दिवस. शुगर, पित्ताचा त्रास, जंतुसंसर्ग, गर्भधारणा, हे सगळं विचारून-बघून मगच. ही गोळी लग्नाची तारीख बघून दिली का? थोडीशी हो. पापण्या मिटत आल्या होत्या म्हणून दिली, आणि पाच दिवसांनी लग्न आहे हेही डोक्यात होतं. एरवी कदाचित दोन दिवस वाट पाहिली असती.

हळदीचा करारही त्याच दिवशी झाला. चेहऱ्याला, गळ्याला हळद नाही. पाय, गुडघे, हात, खांदे, तिथे हवी तेवढी. आत्या म्हणाल्या, "पहिली हळद कपाळाला लागते." कपाळ कोरं होतं, तिथे काही झालं नव्हतं. एका बोटाचा टिळा मंजूर झाला.

नंतरचे चार महिने

लग्न लागलं. ओठाची कातडी नवी गुलाबी होती, त्यावर पार्लरवालीने मेकअप लावला नाही. हे मी तिला फोनवर दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलेली लाट आली, दोन्ही गाल लाल, मुरमांसारखे पुळे. प्रेडनिसोलोनने ती लग्नापुरती मागे रेटली असावी असं मला वाटतं. त्यावर मेट्रोनिडाझोल जेल, साधं मॉइश्चरायझर आणि धीर. धीर तिच्यापेक्षा तिच्या नवऱ्याला जास्त द्यावा लागला, कारण त्या १२ मिनिटांचं त्याने मनाला लावून घेतलं होतं.

मग डाग. आपल्या वर्णाच्या कातडीला कुठलीही जखम झाली की ती रंग सोडून जाते. ओठावरचे केस गेले आणि त्यांच्या जागी तपकिरी मिशी उमटली, तितक्याच सरळ कडांची. यासाठी महिने लागतात, आठवडे पुरत नाहीत. रोज सनस्क्रीन, घराबाहेर स्कार्फ, आणि कातडी पूर्ण सावरल्यावर सहाव्या आठवड्यापासून ॲझेलेइक ॲसिड. पुन्हा हायड्रोक्विनोन द्यायची माझी छाती झाली नाही. हनुवटीचा राखाडी ठिपका भरायला जवळजवळ तीन आठवडे लागले. तिथे आता डाळीच्या दाण्याएवढा फिकट खळगा आहे, तो राहील.

पाऊस स्थिरावल्यावर पॅच टेस्ट केली, म्हणजे ॲलर्जी नेमकी कशाची ते शोधायची तपासणी. मे महिन्यात पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या घामाने सुटतात, आणि तोंडावाटे घेतलेल्या स्टिरॉइडनंतर थोडा काळ जाऊ द्यावाच लागतो. पाठीवर ठरावीक संशयित पदार्थ बंद डब्यांत चिकटवायचे, ४८ तासांनी काढून वाचायचं, ९६ तासांनी पुन्हा. केस काढायची क्रीम या पट्टीत कधीच ठेवत नाहीत. पीएच १२ चा पदार्थ दोन दिवस झाकून ठेवला तर ॲलर्जी असो वा नसो, पाठ भाजणारच. चौथ्या दिवशी निओमायसिनच्या चौकोनात बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या. सुगंधी द्रव्यांचा चौकोन कोरा होता, बाकीचेही.

आता केसांचं काय, हा तिचा प्रश्न होताच. स्टिरॉइड सुटल्यावर लव बरीच विरळ झाली होती. पाळी नियमित, जाडजूड राठ केस नाहीत, त्यामुळे हार्मोनच्या तपासण्यांच्या मागे मी लागले नाही. उरलेल्यासाठी चेहऱ्याचा छोटा रेझर सुचवला. रेझरने केस जाड होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. लेझर हवं असेल तर डाग पूर्ण गेल्यावर बघू.

शेवटच्या भेटीला आत्याही आल्या होत्या. ॲलर्जीचं कार्ड मी मुलीच्या हातात दिलं: निओमायसिन, फ्रॅमायसेटिन, आणि त्याखाली, हे कार्ड प्रत्येक डॉक्टरला आणि मेडिकलमध्ये दाखवावे. तिने मोबाइलने त्याचा फोटो काढला. आत्यांनी ते तिच्याकडून घेतलं, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं, आणि पर्स उघडून तीच शेपूट गुंडाळलेली ट्यूब टेबलावर ठेवली.

"ही अजून निम्मी आहे मॅडम. मला चालते, मी वापरू ना?"